बंड्याची गुरगुर

आमचा बंड्या गावठी. भर पावसात सोसायटीच्या मीटरखोलीत सापडलेलं पिल्लू. आठ महिन्यांचा झाला आणि जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरायला लागला. "आत्ताच जरब बसवा, नाहीतर डोक्यावर बसेल," शेजारचे काका म्हणाले. मला पटलं, आम्हीही छडीखालीच वाढलो होतो. वर्तमानपत्राची सुरळी दोन-तीनदा त्याच्या नाकाडावर हाणली. आठवड्याभरात गुरगुर बंद. मी खूश.

दिवाळीत सहा वर्षांचा भाचा आला. वाडग्यापाशी गेलेला चेंडू उचलायला वाकला आणि बंड्यानं हूं की चूं न करता त्याचा हात धरला. जखम साबण लावून वाहत्या नळाखाली १५ मिनिटं धुतली आणि डॉक्टरांकडे पळालो. बंड्याची लस झालेली होती, तरी भाच्याला रेबीजची इंजेक्शनं घ्यावीच लागली. बहीण वर्षभर आमच्याकडे फिरकली नाही.

"गुरगुरलं की मार बसतो, एवढंच नाही शिकला तो," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणूस वाडग्याशी आला की मार बसतो, हेही शिकला."

मग न मारता शिकवायचं कसं? कॅरन प्रायर ही अमेरिकन बाई १९६०च्या दशकात हवाईत डॉल्फिन शिकवायची. डॉल्फिनला फटका मारायची सोयच नाही, तो पोहत लांब जातो. मग मासळीच्या बक्षिसावर शिकवायचं. तेच पुढे तिनं १९८४च्या 'डोन्ट शूट द डॉग' या पुस्तकात मांडलं. आमच्या दोन खोल्यांत बंड्या बिचारा पोहून जाणार कुठे?

मग उलट सुरुवात केली. तो जेवत असताना चार हात लांबून जायचं, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा वाडग्याकडे टाकायचा आणि चालू पडायचं. थांबायचं नाही, वाडगं उचलून बघायचं तर मुळीच नाही. तो खाता खाता थबकला, अंग ताठ झालं, डोळ्याचा पांढरा भाग दिसला, की आपण फार जवळ गेलो. उद्या आणखी लांबून. गुरगुरला तर मुकाट मागे व्हायचं. मला हेच सगळ्यात जड गेलं, हरल्यासारखं वाटायचं. चिकन नसेल तर पनीर चालतं. मनुके, चॉकलेट, कांदा मात्र कुत्र्याला विषारी. हा प्रयोग पोरांच्या हाती देऊ नका, आणि कुत्रा एकदा चावला असेल तर जाणकाराला विचारूनच सुरू करा.

दीड-दोन महिन्यांनी मी स्वयंपाकघरात शिरलो की बंड्या वाडग्यातून तोंड काढून शेपूट हलवायला लागला. तरी भाचा आला की बंड्याचं जेवण बाल्कनीत, दार लावून.