कोसळलं कुठे, चुकलं कुठे

चि. मुक्ता,


तू पाठवलेला लॉग वाचला. मशीन बूट होताना अडलं आणि तू लगेच कोड बदलून नवा बिल्ड केलास. आधी त्याबद्दल सांगतो. फर्मवेअरच्या खाली ऑपरेटिंग सिस्टिम नसते, त्यामुळे डंप फाइलीत लिहून ठेवायला कुणी नसतं. सिरियल पोर्टवर उमटेल तेवढाच डंप बहुधा हाती लागतो. म्हणून ज्या बिल्डने दगा दिला, त्याच्याच मॅप आणि सिम्बॉल फाइली जपून ठेव. नव्या बिल्डमध्ये पत्ते सरकतात आणि जुना डंप काही बोलेनासा होतो.

तुझं फर्मवेअर ज्यावर उभं आहे त्या ईडीके-टूच्या डंपमध्ये आरआयपी, म्हणजे प्रोसेसर अडला तो पत्ता, आणि ड्रायव्हरचा इमेजबेस हे दोन्ही असतात. पहिल्यातून दुसरा वजा करून येणारं अंतर मॅप फाइलीत शोधलं की फंक्शन सापडतं. इथवर नुसती वजाबाकी झाली, विचार पुढेच करायचा असतो.

तुझ्या लॉगमध्ये अपवाद क्रमांक 13 आहे आणि तू सीआर-2 रजिस्टरमधल्या पत्त्याच्या मागे लागलीस. सीआर-2 भरला जातो तो क्रमांक 14 ला, पेज फॉल्टला. 13 ला तिथे जुनाच आकडा पडलेला असतो. त्यापेक्षा आरएएक्स रजिस्टर बघ. त्यात 'एएफ' हा बाइट आठ वेळा आहे. हा पत्ता 64-बिट प्रोसेसरच्या नियमात बसत नाही, म्हणूनच पेज फॉल्ट न येता 13 आला. डीबग बिल्डमध्ये ईडीके-टू नव्याने दिलेली आणि सोडलेली, दोन्ही मेमरी याच बाइटने भरतं. म्हणजे संशयित दोन: एक तर स्ट्रक्चर भरायच्या आधीच वाचलं, नाहीतर सोडून दिल्यावरही कुणी त्याचा पॉइंटर धरून बसलं. कोसळलेलं फंक्शन कदाचित दोन्हींत निर्दोष असेल. तू तिथे घातलेली नल-तपासणी तर निरुपयोगीच, कारण हा पॉइंटर नल नाहीच.

आता सोडलेल्या मेमरीसाठीचा हीप गार्ड चालू करून बूट कर. सोडलेल्या जागेला हात लागला तर या वेळी 14 येईल आणि सीआर-2 खरं सांगेल. पुन्हा 13 आणि तेच 'एएफ' आले, तर पहिला संशय बळावतो. मग ती मेमरी कोणी मागितली आणि कोणी भरायची होती, हे शोधत मागे जा. कारण एका वाक्यात मांडता येईपर्यंत कोडला हात लावू नकोस.

कळावे,
तुझा मामा