सामन्यापूर्वीची अपेक्षा

सामना सुरू होण्यास दोन दिवसांचा अवकाश असतो. परंतु प्रेक्षकांच्या मनात तो केव्हाच सुरू झालेला असतो. कोणता गडी खेळेल, कोणता ऐन वेळी कच खाईल, आपण किती गुणांनी जिंकू, ह्यांचे हिशेब घरोघर चाललेले असतात. सामना शाळेच्या पटांगणावरचा असो की दोन राष्ट्रांमधला असो, ही स्थिती सर्वत्र सारखीच आढळते. ह्या अपेक्षेत वावगे काही नाही. तिच्यावाचून सामना पाहण्यात गोडीच उरणार नाही. मात्र आपली अपेक्षा आपल्या डोळ्यांना काय करते, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. तो करण्यास इ. स. १९०५ मध्ये वेल्समधील कार्डिफ शहरी झालेल्या एका रग्बी सामन्याची हकीकत फार उपयोगी पडेल.

रग्बी यूनियन ह्या खेळात प्रत्येक पक्षात १५ गडी असतात. चेंडू गोल नसून अंड्यासारखा लांबट असतो. तो हातात घेऊन धावता येते किंवा पायाने मारता येतो. परंतु हाताने पुढे फेकता येत नाही. सोबत्यास द्यावयाचा झाल्यास तो बाजूस अथवा मागेच द्यावा लागतो. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू भूमीस टेकविला म्हणजे ‘ट्राय’ झाला असे म्हणतात. १९०५ साली ट्रायचे ३ गुण मिळत. आज ५ मिळतात. ट्रायनंतर खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून चेंडू मारल्यास आणखी २ गुण पदरी पडतात. एवढे ध्यानात ठेविले म्हणजे पुढील गोष्ट समजण्यास अडचण पडणार नाही.

त्या वर्षी न्यूझीलंडचा संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर आला होता. काळ्या पोशाखाचा हा संघ ‘ऑल ब्लॅक्स’ ह्या नावाने गाजू लागला होता. कार्डिफला येण्यापूर्वी त्याने २७ सामने खेळून सर्वच्या सर्व जिंकिले होते. स्कॉटलंड, आयर्लंड व इंग्लंड ही तिन्ही राष्ट्रे पराभूत झाली होती. राहिले होते एकटे वेल्स. वेल्स हा कोळशाच्या खाणींचा लहानसा देश. पण त्याच वर्षाच्या आरंभी त्याने वरील तिन्ही राष्ट्रांना एकामागून एक हरविले होते. सारांश, दोन्ही पक्षांच्या चाहत्यांची अपेक्षा मोठी होती आणि दोघांच्याही अपेक्षेस सबळ आधार होता.

वेल्सची अपेक्षा नुसती आशा करून थांबली नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. रग्बीमध्ये आघाडीचे गडी वाकून, एकमेकांत गुंतून प्रतिपक्षास रेटतात. त्यास स्क्रम म्हणतात. इतर संघ स्क्रममध्ये ८ गडी घालीत, तर न्यूझीलंड ७ च गडी घालून एक गडी मोकळा ठेवीत असे. वेल्सच्या धुरीणांनी ह्या पद्धतीचा अभ्यास केला, आपलीही मांडणी तशीच बदलली, आणि एका बाजूस हल्ला करण्याचे सोंग आणून एकाएकी दुसऱ्या बाजूस चेंडू वळविण्याची युक्ती आधीपासून घोटून ठेविली. अपेक्षा जेव्हा अशी कामाला लागते, तेव्हाच तिला काही मोल येते.

१६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफ आर्म्स पार्कवर सुमारे ४७,००० लोक जमले. न्यूझीलंडच्या गड्यांनी प्रथेप्रमाणे ‘हाका’ हे माओरी लोकांचे आवेशपूर्ण नृत्य केले. त्यास उत्तर म्हणून वेल्सच्या गड्यांनी आपले राष्ट्रगीत गावयास आरंभ केला, आणि पाहता पाहता सर्व प्रेक्षकसमुदाय त्यात सामील झाला. पूर्वार्धात ती घोटलेली युक्ती साधली. वेल्सच्या ओवेन ह्या गड्याने उजवीकडे जाण्याचा आव आणून चेंडू डावीकडे दिला; तो हातोहात टेडी मॉर्गन ह्याजकडे पोहोचला व त्याने ट्राय केला. वेल्सला ३ गुण मिळाले.

उत्तरार्धात न्यूझीलंडच्या बॉब डीन्स ह्याने चेंडू घेऊन गोलरेषेकडे धाव घेतली व अगदी रेषेपाशी त्यास पाडण्यात आले. पंच जॉन डॅलस हे थोडे मागे होते. ते जवळ येऊन पाहतात तो चेंडू रेषेच्या अलीकडे! त्यांनी ट्राय नाकारला. आपण चेंडू रेषेपलीकडे टेकविला होता, मागाहून आपणांस अलीकडे ओढण्यात आले, असे डीन्सचे म्हणणे होते. सामन्यानंतर तारेने त्याने ते लंडनच्या एका वृत्तपत्रास कळविलेही. तो ट्राय मान्य झाला असता तर बरोबरी झाली असती, आणि पुढील २ गुण मिळते तर वेल्स मागे पडले असते. प्रत्यक्षात वेल्स ३-० असे विजयी झाले. त्या संपूर्ण दौऱ्यात न्यूझीलंडचा पराभव झाला तो हा एकच.

आता विचार करा. हजारो लोकांच्या देखत घडलेली ही गोष्ट. तरी शंभराहून अधिक वर्षे लोटली, वाद मिटला नाही. न्यूझीलंडच्या चाहत्यांनी चेंडू रेषेपलीकडे गेला असे मानिले, तर वेल्सच्या चाहत्यांनी तो अलीकडेच राहिला असे मानिले. कोणी जाणूनबुजून खोटे बोलत होता असे नव्हे. कावीळ झालेल्यास जग पिवळे दिसते असे म्हणतात. त्याचप्रमाणे अपेक्षेने भरलेल्या डोळ्यांस हवे तेच दिसते. न्याय करावयास बसलेल्या प्रत्येकाने हे भय ओळखून असावे.

परंतु ह्या रोगावर उपाय नाही असेही नाही. डीन्सला पाडणारा वेल्सचा र्‍हीस गेब ट्राय झाला नाही ह्याच मतावर राहिला. पण ज्याच्या ट्रायने वेल्स जिंकले, त्या मॉर्गननेच पुढे डीन्सचा दावा खरा असल्याचे लेखी मान्य केले. इकडे न्यूझीलंडचा कर्णधार गॅलहर ह्याने, त्या दिवशी वेल्सचाच संघ सरस होता, असे मोकळ्या मनाने सांगितले. डीन्स १९०८ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी वारला; गॅलहर १९१७ साली महायुद्धात कामास आला. त्यांचा खेळ पाहिलेले आज कोणी उरले नाही. मात्र प्रतिपक्षाची बाजू मान्य करण्याचे गॅलहरचे व मॉर्गनचे औदार्य आजही आठवणीत आहे.

आणखी एक गोष्ट. वेल्सने पुढे १९३५ व १९५३ साली न्यूझीलंडला पुन्हा हरविले. त्यानंतर २०२४ च्या अखेरपर्यंत एकदाही त्यास ते साधले नाही. तरीही प्रत्येक सामन्यापूर्वी कार्डिफमध्ये तेच गीत गाइले जाते व तीच उमेद धरिली जाते. अपेक्षा आणि हक्क ह्यांत भेद आहे तो हाच. हक्क मानणारा पराभव होताच पंचास व गड्यांस दोष देतो. अपेक्षा बाळगणारा दुःखी होतो, पण पुढील वेळी पुन्हा येतो.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, पुढच्या सामन्यापूर्वी एक लहानसा प्रयोग करून पाहा. कागदावर आपली अपेक्षा लिहा व तिच्यापुढे तिचे कारण लिहा. कारण सुचले नाही तर ती केवळ इच्छा आहे असे समजा. त्याखाली प्रतिपक्ष कोणत्या बाबतीत आपल्याहून सरस आहे ते लिहा. सामना संपल्यावर प्रतिपक्षाच्या एखाद्या चांगल्या खेळाची नोंद त्याच कागदावर करा. पालकांसही एक विनंती आहे. मुलगा खेळून घरी आला म्हणजे “जिंकलास का?” एवढाच प्रश्न त्यास करू नये, “समोरच्यांत चांगला कोण खेळला?” हेही विचारावे. ज्या मुलास ह्या प्रश्नाचे उत्तर देता येते, त्याने सामना खरोखर पाहिला असे समजण्यास हरकत नाही.