आशाताईंचं आरोग्यसाक्षरता प्रशिक्षण: एका तुकडीला किती खर्च येतो?

एका प्राथमिक आरोग्य केंद्राखालच्या २५ आशाताईंना दोन दिवसांचं आरोग्यसाक्षरता प्रशिक्षण द्यायचं आणि पुढे सहा महिने त्याचा पाठपुरावा ठेवायचा, तर सगळा मिळून लाखभर रुपये खर्च येतो. गणेशोत्सव मंडळ, माजी विद्यार्थ्यांचा गट, पतसंस्था, औद्योगिक वसाहतीतली एखादी कंपनी, ग्रामपंचायत, यांपैकी कुणालाही तो झेपेल. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असते. म्हणजे २५ जणींमागे २५ हजार माणसं आली आणि खर्च माणशी चार रुपयांच्या आसपास पडला. पुढचे दर तालुक्याच्या ठिकाणचे आणि अंदाजे आहेत. तुमच्या भागात थोडं वर-खाली होईल.

आशांचं सरकारी प्रशिक्षण मोफत असतं आणि आपला उपक्रम त्याला पर्याय नाही. विषयाची माहिती त्यांना तिथे मिळते. सराव कमी पडतो तो ही माहिती घरातल्या माणसाला कळेल अशी सांगण्याचा, आणि ती कळली का हे तपासण्याचा. पैसे या सरावासाठी घाला.

सर्वांत मोठा खर्च आशाताईंच्या बुडालेल्या दिवसाचा धरा. आयोजकांच्या अंदाजपत्रकात नेमका हाच रकाना कोरा असतो. आशाला पगार नाही. तिच्या कमाईचा एक भाग केलेल्या कामाच्या मोबदल्यावर ठरतो आणि अनेकजणी शेतावर किंवा मजुरीलाही जातात. त्यांना दोन दिवस बसवून ठेवायचं, वर जेवण आणि प्रमाणपत्र दिलं म्हणून समाधान मानायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. त्याच्या खाली जाऊ नका. दिवसाला ४०० धरले तर २५ जणींचे दोन दिवसांचे २०,००० होतात. ही रक्कम त्याच दिवशी त्यांच्या खात्यावर जमा करा. ‘बिलं मंजूर झाली की देऊ’ हे वाक्य त्यांनी आजवर पुरेसं ऐकलं आहे.

प्रवासाला माणशी रोजचे १०० रुपये, म्हणजे ५,००० धरा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण वाडीवरून फाट्यापर्यंत वडापशिवाय पर्याय नसतो आणि तिथे सवलत नाही. सभागृह भाड्याने घेऊ नका. आरोग्य केंद्राचा हॉल, शाळेचा वर्ग किंवा ग्रामपंचायतीचं सभागृह मिळतं. साफसफाई आणि किरकोळ खर्चाला १,००० पुरतात. चहा, नाश्ता, जेवण माणशी १८० रुपयांत होतं. प्रशिक्षक आणि मदतनीस धरून ३० जणांचे दोन दिवसांचे १०,८०० झाले. स्वयंपाक गावातल्या बचतगटाकडे द्या. तान्हं मूल असलेल्या आशाताईसाठी शेजारची खोली आणि मुलांकडे बघायला एक बाई ठेवा. हॉलच्या किरकोळ खर्चात ते भागतं. बॅगा, टोप्या, मोठाले फ्लेक्स यांवर एक रुपयाही घालू नका.

प्रशिक्षक म्हणून शहरातल्या नामांकित डॉक्टरांना बोलावण्याचा मोह आवरा. निवृत्त परिचारिका, अनुभवी आरोग्य सेविका, आशांच्या कामावर देखरेख ठेवणारी चांगली गटप्रवर्तक यांना घराघरांत काय बोललं जातं ते माहीत असतं. दोन प्रशिक्षकांना दिवसाला प्रत्येकी १,५०० आणि प्रवासाचे एकूण २,००० धरले की ८,००० होतात. सरकारी नोकरीत असलेल्या व्यक्तीला मानधन देण्याआधी तिच्या वरिष्ठांची परवानगी घ्या.

साहित्यावर दोन रकमा लागतील. प्रत्येकीला घरभेटीत उघडून दाखवता येईल असा रंगीत, लॅमिनेट केलेला तक्तासंच २५० रुपयांत होतो, म्हणजे एकूण ६,२५०. आधी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात चौकशी करा. छापील तक्ते तिथे मोफत मिळाले तर ही रक्कम वाचते. दुसरी रक्कम ५,००० ची, सरावाच्या वस्तूंना: ओआरएसची पाकिटं, डिजिटल थर्मामीटर, लिटरची मापं, दंडघेर मोजण्याच्या पट्ट्या.

या वस्तूंनी काय शिकवायचं ते एका उदाहरणातून सांगते. प्रत्येकीला घरून रोजच्या वापरातला तांब्या आणायला सांगा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवायचं असतं, हे सगळ्यांना पाठ असतं. आता मापाने पाणी भरा आणि प्रत्येकीच्या तांब्यात ओता. कुणाचा तांब्या पाऊण लिटरचा निघतो, कुणाचा सव्वा लिटरचा. पाणी कमी पडलं तर द्रावण खारट आणि बाळाला धोक्याचं होतं, जास्त झालं तर उपयोग कमी होतो. मग आशाच सुचवते की गावात एक लिटरची पाण्याची बाटली मिळते, तिने मापायला सांगू. त्याच सत्रात द्रावण २४ तासांत संपवायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं, जुलाब थांबले तरी झिंकची गोळी पूर्ण १४ दिवस द्यायची, हेही सराव करून घ्या. दोघी-दोघींच्या जोड्या करा, एक आशा आणि दुसरी आई. सांगून झालं की आशाने विचारायचं, “आता ताई, घरी गेल्यावर तुम्ही कसं करणार ते मला सांगा बरं.” ‘समजलं का?’ या प्रश्नाला प्रत्येक आई ‘हो’ म्हणते, म्हणून तो प्रश्न प्रशिक्षणातून हद्दपार करा.

गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्यांचंही असंच. तीन महिन्यांनंतर रोज एक, अशा १८० गोळ्या हा आकडा आशाला माहीत असतो. पण शौचाला काळं होतं म्हणून घाबरून गोळ्या बंद करणाऱ्या बाईला काय सांगायचं, चहाबरोबर गोळी का घ्यायची नाही, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी का, आणि सासूबाईंच्या समोर हे सगळं कसं बोलायचं, यालाच खरा वेळ लागतो. दुसऱ्या दिवसाची सकाळ त्यासाठी राखा. दुपारी औषधाच्या पाकिटावरची मुदत वाचणं, रक्तदाबाचे दोन आकडे लोकांना समजावणं आणि मोबाइलवर फिरणाऱ्या खोट्या उपचारांना उत्तर देणं, एवढंच घ्या. विषय वाढवले की सराव बुडतो.

दोन दिवसांचा हिशेब ५६,०५० रुपयांवर येतो. बरेच आयोजक इथेच थांबतात, आणि त्यामुळे हे पैसेही फारसे कामी येत नाहीत. जामखेडला १९७० पासून रजनीकांत आणि मेबल अरोळे यांनी अल्पशिक्षित, काही तर शाळेत कधीच न गेलेल्या स्त्रियांना गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं. त्या पुन्हा पुन्हा केंद्रावर येत, गावातले अनुभव मांडत आणि शिकत राहत. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत नवजात बाळांची घरातच काळजी घेतली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तिथेही प्रशिक्षणाला नियमित देखरेखीची जोड होती.

म्हणून उरलेली जवळपास निम्मी रक्कम पाठपुराव्याला ठेवा. आरोग्य केंद्रात आशांची मासिक बैठक होतेच. त्याच दिवशी दोन-अडीच तास जोडून घ्या, म्हणजे वेगळा प्रवासखर्च पडत नाही. प्रत्येकीला २०० रुपये, म्हणजे ५,०००, चहा-नाश्त्याला ९०० आणि एका प्रशिक्षकाला प्रवासासह २,०००. महिन्याला ७,९००, सहा महिन्यांचे ४७,४००. एकूण १,०३,४५० रुपये. परीक्षेच्या पेपरऐवजी गटप्रवर्तकांसोबत काही घरी जा आणि आईलाच ओआरएस करून दाखवायला सांगा. प्रशिक्षण पोचलं की नाही हे तिथे कळेल.

पैसे उभे करायचे तर ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा. दहा-बारा गावांनी प्रत्येकी आठ-दहा हजार घातले तरी जवळपास भागतं. कंपनीचा सामाजिक दायित्व निधी संस्थेमार्फत घ्यायचा तर त्या संस्थेची ‘सीएसआर-१’ नोंदणी लागते. परदेशातल्या मंडळींनी एक बाब पाहावी. भारतीय पारपत्र असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची रक्कम, ओसीआय कार्ड असलं तरी, परदेशी देणगीच मानली जाते आणि एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते.

प्रशिक्षणाच्या निमित्ताने, ‘आरोग्यसेविका कोर्स करा, आशा म्हणून नोकरी लावतो’ असं सांगून मुलींकडून फी घेणाऱ्यांपासून गावाला सावध करा. आशाची निवड गावपातळीवर, ग्रामसभेच्या सहभागाने होते आणि त्यासाठी कुणालाही पैसे द्यावे लागत नाहीत.

परवानगीला खर्च नाही, पण वेळ लागतो. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या आणि प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांना व तालुका समूह संघटकांना. अर्जासोबत विषयांची यादी आणि मोबदल्याचा आकडा जोडा. तारखा आशाताईंना विचारून ठरवा. पल्स पोलिओ, सर्वेक्षण मोहिमा, पेरणी-काढणी आणि महिनाअखेरचे अहवालाचे दिवस टाळा. दिवाळीनंतर घ्यायचं असेल तर अर्ज ऑगस्टमध्येच द्या.