आकाशगंगेचे कडेने दर्शन : एक निरीक्षणपाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी)

पावसाळा सरून आकाश निवळले की, ऑक्टोबरातील अमावास्येच्या सुमारास, सूर्यास्तानंतर साधारण दीड तासाने नैर्ऋत्येस धनू राशीकडे पाहावे. तेथून डोक्यावर चढत जाणारा फिकट पांढरा पट्टा म्हणजे आकाशगंगा. तो असंख्य ताऱ्यांचा समुदाय आहे, हे गॅलिलिओने दुर्बिणीच्या साहाय्याने १६१० साली प्रसिद्ध केले.

आपली दीर्घिका चकतीसारखी चपटी असून तिचा व्यास सुमारे १ लक्ष प्रकाशवर्षे आहे. सूर्य तिच्या मध्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर, चकतीतच आहे. म्हणून ती आपणांस कडेने, पट्ट्याच्या रूपात दिसते. पट्ट्यातील काळे डाग ताऱ्यांच्या अभावामुळे नसून धुळीच्या मेघांमुळे दिसतात.

कृती : पुठ्ठ्याची २० सेंटिमीटर व्यासाची चकती घ्यावी. तीवर ज्वारीच्या दाण्यांनी सर्पिल भुजा मांडून मध्यभागी ओल्या मातीची लांबट वळी ठेवावी. मध्यापासून ५ सेंटिमीटरवर कुंकवाची टिकली लावावी; तो सूर्य. वळी टिकलीच्या दिशेला किंचित तिरपी असावी. प्रथम मुलांनी चकती वरून पाहावी. नंतर डोळा तिच्या पातळीत आणून टिकलीच्या बाजूने पाहावी. भुजा लोपतात, मधला फुगवटा तेवढा उरतो. मात्र वळीचे जवळचे टोक दूरच्या टोकापेक्षा मोठे दिसते.

अपेक्षित शंका : बाहेर कोणी गेलेच नाही, तर मध्यभागी दांडा आहे हे कसे कळले? उत्तर या कृतीतच आहे. अवरक्त किरण धुळीतून पुष्कळ अंशी आरपार येतात. अशा निरीक्षणांत फुगवट्याची एक बाजू अधिक ठळक आढळली. स्पिट्झर या अवकाश-दुर्बिणीच्या निरीक्षणांनी २००५ साली दांड्यास बळकट पुष्टी मिळाली. आपल्या दीर्घिकेचे वरून दिसणारे चित्र हे छायाचित्र नव्हे. ते अनुमानाने रेखाटलेले असते, हे मुलांना आवर्जून सांगावे. पाहिलेले व अनुमानिलेले यांतील भेद ओळखणे हेच या पाठाचे मर्म होय.

शहरी दिव्यांच्या उजेडात हा पट्टा लोपतो. ज्या गावी अद्याप पुरेसा अंधार आहे, तेथील शिक्षकांनी ही संधी दवडू नये. प्रख्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरातच झाला. या जिल्ह्यातील प्रत्येक मुलाने निदान एकदा तरी आकाशगंगा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असावी.