गॅस ब्रूडरचा मेंटेनन्स : पिल्लं यायच्या आधीचे आठ दिवस

पोल्ट्री सुरू करायची म्हटलं की बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात, शेडला किती खर्च येईल आणि कंपनी रेट काय देईल. ब्रूडरबद्दल फार तर "कुठला घेऊ?" एवढंच. तो घेतल्यावर सांभाळायचा कसा, हे माझ्या दुकानात आजपर्यंत दोघा-तिघांनीच विचारलं असेल. आणि खरं सांगायचं तर मीही आधी कुणाला सांगत नव्हतो. "नळी जोडा, नॉब दाबा, लायटर लावा" एवढ्यावर माझं डेमो संपायचं.

येरमाळ्याकडच्या माळावरचा एक पोरगा. करारावर २,००० पिल्लं, चार गॅस ब्रूडर, सगळे माझ्याच दुकानातले. त्याचा दुसरा लॉट, डिसेंबरचा. रात्री अडीचला फोन आला. "दादा, दोन ब्रूडर विझलेत, पिल्लं समदी एका कोपऱ्यात गोळा झालीत. वास पण यायलाय."

मी म्हटलं, "आधी शेडच्या बाहेर ये. लायटर, बटण, कशालाच हात लावू नको. बाहेरून सिलेंडर बंद कर." मग दोन्ही बाजूचे पडदे उघडायला सांगितले. पडदे उघडायचे म्हणजे पाच दिवसांच्या पिल्लांवर थंड वारं घ्यायचं, पण दुसरा मार्ग नव्हता. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली तुसावर साचतो. पिल्लंही तिथंच असतात आणि ठिणगी पडली तर भडकाही तिथंच होतो. तासाभराने, वास पूर्ण गेल्यावर चांगले दोन ब्रूडर परत लागले. पुढच्या चार दिवसांत १४० पिल्लं गेली, म्हणजे ७ टक्के. करारात पिल्लू कंपनीचं असलं तरी मर वाढली की तुमचा उत्पादन खर्च वाढतो आणि ग्रोइंग चार्ज खाली येतो. त्या लॉटला त्याच्या हातात मजुरी निघेल एवढंही उरलं नाही.

सकाळी जाऊन बघितलं. एका ब्रूडरचा नॉब सोडला की ज्योत विझायची, म्हणून पोराने नॉब तारेने दाबून बांधून टाकला होता. हीच सगळी गोष्ट आहे, म्हणून जरा नीट समजून घ्या.

ब्रूडरच्या बर्नरजवळ तांब्याच्या बारीक नळीसारखी एक काडी असते, तिला थर्मोकपल म्हणतात. तिचं टोक ज्योतीत तापतं, त्यातून अगदी थोडी वीज तयार होते आणि त्या विजेवर आतला गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत विझली की टोक गार होतं, वीज थांबते आणि साधारण मिनिटभरात "टक्" आवाज होऊन गॅस बंद होतो. सुरुवातीला नॉब २०-३० सेकंद दाबून धरायचा तो टोक तापायला. नॉब तारेने बांधला म्हणजे हा पहारेकरीच बांधून ठेवला. पडदा फडफडला, ज्योत गेली, गॅस येतच राहिला.

आणि बिघाड काय होता? टोकावर काजळी बसली होती आणि मागचा नट ढिला होता. पाच मिनिटांचं काम. टोक बारीक पॉलिश पेपरने हलकं पुसायचं, ते ज्योतीतच येतंय ना बघायचं, नट हाताने घट्ट करून पान्याने पाव फेरा द्यायचा, जास्त नाही. तरीही धरत नसेल तर थर्मोकपल बदला. काही शे रुपयांची वस्तू आहे. एक जास्तीचं आणून शेडच्या कपाटात ठेवाच, कारण हे नेहमी रात्रीच बिघडतं.

आता नेहमीचं काम. ते कधी करायचं हे आधी ठरवा. कोंबडी उचलली, तूस काढलं, शेड धुतलं, चुना मारला आणि पुढची पिल्लं यायला आठ-दहा दिवस आहेत, तो रिकामा काळ ब्रूडरचा. पिल्लांची गाडी दारात उभी असताना ब्रूडर पुसणारा माणूस काहीतरी विसरतोच.

शेड धुवायच्या आधी ब्रूडर खाली उतरवा. पाणी, चुना, औषधाची फवारणी बर्नरवर गेली की गंज धरलाच. मग साफसफाई. पोल्ट्रीत तुसाची धूळ आणि बारीक पिसं इतकी उडतात की एका लॉटमध्ये बर्नरची हवेची भोकं अर्धी बुजतात. हवा कमी पडली की ज्योत निळी न राहता पिवळी होते. पिवळी ज्योत म्हणजे गॅस पूर्ण जळत नाही, काजळी धरते, उष्णता कमी मिळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. थंडीत पडदे गच्च बांधलेल्या शेडमध्ये तो पिल्लांना आणि तिथंच खाटेवर झोपणाऱ्या माणसालाही घातक. म्हणून पडदे वरून वीतभर उघडे ठेवायचेच, अमोनियासाठीही तेच लागतं.

सफाईला मऊ ब्रश घ्या. हवा मारायची तर लांबून, कमी दाबाने. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब सिरॅमिकच्या प्लेटवर मारला तर तिला तडा जातो, आणि तडा गेलेली प्लेट बदलायचीच असते. जेट आणि बर्नरमधली नळी खोलून आरपार बघा. ब्रूडर मार्च ते ऑक्टोबर पडून असेल तर आत कोळ्याचं जाळं किंवा कुंभारीण माशीचं मातीचं घर हमखास सापडतं.

जेट साफ करताना एक चूक सगळे करतात, सुई घालतात. जेटचं भोक पितळेत केलेलं असतं, ते सुईने मोठं होतं. समजा ०.८ मिलिमीटरचं ०.९ झालं. दिसायला काहीच नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ जवळपास २७ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे त्याच दाबाला तेवढा गॅस जास्त.

हे पैशात बघा, आपण शेवटी धंदा शिकतोय. एक किलो एलपीजीतून साधारण १२.८ युनिट उष्णता मिळते. ब्रूडरच्या पाटीवर ३ किलोवॅट लिहिलं असेल तर पूर्ण ज्योतीवर १९ किलोचा सिलेंडर सुमारे ८० तास चालतो. चार ब्रूडर असतील तर २० तास. चारही जेट सुईने मोठे केले तर तोच सिलेंडर १६ तासांत संपतो आणि ज्योत पिवळी ती वेगळीच. सिलेंडर १,८०० रुपयांचा धरला तर दर सिलेंडरमागे साडेतीनशेच्या वर रुपये हवेत गेले. जेट रॉकेलमध्ये किंवा थिनरमध्ये भिजवा, वाळवा, फुंकर मारा. निघालंच नाही तर नवीन घ्या, त्याच नंबरचं.

नळी. शेडमध्ये उंदीर असतात, हे कुणी नाही म्हणू नका. हिरवी, निळी साधी पाइप वापरू नका, आयएसआय मार्कची तारेच्या जाळीची रबरी नळी घ्या. घरगुती वापरात तिची मुदत पाच वर्षं धरतात. शेडमध्ये मी प्रत्येक लॉटला पूर्ण नळी हातातून फिरवून बघतो, चिरलेली किंवा कुरतडलेली दिसली की त्याच दिवशी बदलतो. सगळे जोड साबणाच्या फेसाने तपासा. काडी पेटवून गळती बघणारे महाभाग अजून आहेत आपल्याकडे.

सिलेंडर शेडच्या बाहेर, सावलीत, उभा, आणि खड्ड्यात नाही. थंडीच्या रात्री चार ब्रूडर एकाच सिलेंडरवर चालवले की तो बाहेरून पांढरा होतो, बर्फ धरतो आणि दाब उतरतो. मग लोक तो आडवा करतात किंवा गरम पाणी ओततात. आडवा केला की द्रव गॅस सरळ रेग्युलेटरमध्ये जातो आणि ज्योतीचा भडका होतो. त्यापेक्षा दोन सिलेंडर जोडा, म्हणजे प्रत्येकावर निम्मा भार येतो. आणि १४.२ किलोचा घरचा सिलेंडर शेडमध्ये आणू नका. २००० च्या एलपीजी पुरवठा आदेशानुसार तो फक्त घरगुती स्वयंपाकासाठी आहे. गॅस गळतीला १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, शेडच्या दारावर रंगाने लिहून ठेवा.

सगळं जोडून झालं की पिल्लं यायच्या आदल्या दिवशी चारही ब्रूडर लावा. एकेकाची ज्योत मुद्दाम विझवा आणि "टक्" आवाज येतोय का ऐका. मग परत लावून शेड तापू द्या. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला ३३ ते ३५ अंश हवं, पुढे दर आठवड्याला अडीच-तीन अंशांनी कमी. थर्मामीटर टांगाच, पण पिल्लंही सांगतात. ब्रूडरखाली गोळा झाली तर गार पडतंय, लांब चिक गार्डला चिकटली तर जास्त तापलंय, सगळीकडे सारखी पसरून खात-पीत असतील तर तुम्ही झोपायला मोकळे.

तो पोरगा अजून माझ्याकडेच येतो. आता त्याच्या शेडच्या वहीत औषधाच्या पानाशेजारी ब्रूडरचं पान आहे. तारीख, कुठला ब्रूडर, काय बदललं. ब्रूडर विकताना त्याला हे सांगायचं काम माझं होतं. आता डेमोला मी गिऱ्हाइकाच्या हाताने थर्मोकपल काढून परत बसवून घेतो, मगच बिल करतो.