पस्तिसाव्या हिश्श्याचे रणगाडे

जपानमध्ये पॅसिफिक महासागराच्या काठी, टोकियो आणि नागोया या दोन मोठ्या शहरांच्या दरम्यान शिझुओका नावाचे शहर वसले आहे. लाकूडकामाविषयी या शहराची फार जुनी ख्याती. तेथे १९४६ साली योशिओ तामिया नावाच्या गृहस्थांनी लाकूड कापण्याचा व विकण्याचा व्यवसाय सुरू केला. युद्धात जपानचा पराभव होऊन जेमतेम एक वर्ष लोटले होते. उद्ध्वस्त घरे पुन्हा उभारायची होती; साहजिकच लाकडाला मागणी होती. उरलेल्या लहान तुकड्यांचे काय करावे, या प्रश्नाला त्यांनी एक सुंदर उत्तर शोधले. त्या तुकड्यांपासून ते जहाजांच्या आणि विमानांच्या छोट्या प्रतिकृती तयार करून विकू लागले. मध्यंतरी एका आगीत लाकडाचा साठा जळाला, धंद्याला मोठी खोट आली. शेवटी १९५३ साली इमारती लाकूड विकणे त्यांनी सोडून दिले आणि केवळ प्रतिकृतींवर कारखाना चालवायचे ठरविले.

परंतु संकटे तेवढ्याने संपली नाहीत. परदेशांतून प्लॅस्टिकच्या प्रतिकृती येऊ लागल्या. त्या इतक्या रेखीव असत, की त्यांच्यापुढे लाकडी प्रतिकृतींकडे कोणी पाहीना. तामिया यांनीही प्लॅस्टिककडे वळण्याचा निश्चय केला. प्लॅस्टिकचे काम वाटते तितके सोपे नव्हे. प्रत्येक भागासाठी पोलादाचा साचा कोरावा लागतो; त्यात तापवून पातळ केलेले प्लॅस्टिक मोठ्या दाबाने भरावे लागते. एका साच्याचा खर्चच एवढा, की माल खपला नाही तर कारखानदार बुडालाच म्हणावा. त्यांनी पहिली प्रतिकृती केली ती 'यामातो' या प्रचंड युद्धनौकेची. दुर्दैवाने दुसऱ्या एका कारखान्याने त्याच नौकेचा संच कमी किमतीत बाजारात आणला. तामियांना आपली किंमत उतरवावी लागली आणि पदरी तोटा आला.

अशा वेळी योशिओ यांचे चिरंजीव शुनसाकू यांनी दुसरा प्रयत्न करायचे ठरविले. त्यांनी निवडला तो जर्मनांचा 'पँथर' नावाचा रणगाडा. कामगारांच्या पोटापाण्याचा प्रश्न या एका खेळण्यावर अवलंबून होता. म्हणून त्यांनी कशातही कसूर केली नाही. मुलांच्या मासिकांतील चित्रांमुळे घरोघरी माहीत असलेले चित्रकार शिगेरू कोमात्सुझाकी यांच्याकडून खोक्यावरचे चित्र काढून घेतले. जोडणीच्या सूचना कोणालाही समजतील अशा सोप्या केल्या. शिवाय आत विजेवर फिरणारी लहानशी मोटर बसविली, त्यामुळे हा रणगाडा खरोखरच चाले. १९६१ च्या सुमारास तो बाजारात आला आणि मुलांनी त्याच्यावर उड्या टाकल्या.

यातील एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्या यशानंतर इतर देशांचे रणगाडेही त्याच प्रमाणात करावेत असे शुनसाकू यांच्या मनात आले. पण ते प्रमाण कोणते? त्यांनी आपलाच पँथर मोजून पाहिला, तेव्हा तो खऱ्याच्या सुमारे एक पस्तीसांश भरला. पस्तीस हा आकडा कोणी विद्वानाने गणित मांडून काढलेला नव्हता. आत दोन विद्युत्घट आणि मोटर मावली पाहिजे, एवढाच हिशेब त्यामागे होता! आज जगभर रणगाड्यांच्या प्रतिकृती बहुधा याच प्रमाणात केल्या जातात. शुनसाकू तामिया २०२५ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारले, तोवर त्यांच्या त्या आडमुठ्या आकड्याने सारे जग काबीज केले होते.

एक पस्तीसांश म्हणजे नेमके काय, हे नीट समजून घेण्याजोगे आहे. पँथरची मुख्य काया ६.८७ मीटर लांब. प्रतिकृतीत ती सुमारे १९.६ सेंटिमीटर होते, म्हणजे वहीच्या पानाएवढी. लांबीचे प्रमाण असे ३५ पट घटले. पण पृष्ठभाग घटतो तो ३५ गुणिले ३५, म्हणजे १,२२५ पट. आणि वजन तर ४२,८७५ पट. खरा पँथर सुमारे ४५ टनांचा. तोच, त्याच पोलादाचा आणि त्याच जाडीच्या प्रमाणात, एक पस्तीसांश केला तर जेमतेम एक किलोहून किंचित जास्त भरेल! त्याच्या पुढल्या बाजूचे ८० मिलिमीटर जाडीचे चिलखत प्रतिकृतीत सव्वादोन मिलिमीटरांवर येते. जो माणूस रणगाड्याशेजारी पावणेदोन मीटर उंच उभा राहील, तो येथे पाच सेंटिमीटरांचा होतो. म्हणूनच जाणते छंदी प्रत्येक रणगाड्याशेजारी एक तरी मनुष्याकृती उभी करतात. तिच्यावाचून यंत्राच्या आकाराची कल्पना डोळ्यांना येतच नाही.

संच उघडला की चौकटींना चिकटलेले शंभर-दोनशे भाग दिसतात. ते तोडून काढण्याचा मोह होतो, पण हाताने तोडलेला भाग कडेला फाटतो. तो बारीक कात्रीने थोडा दूर कापावा, उरलेले टोक धारदार पात्याने तासावे आणि नंतर कानशीने व पॉलिश कागदाने सपाट करावे. पात्याची धार नेहमी अंगठ्यापासून दूर चालवावी. जोडण्यासाठी जो द्राव वापरतात, तो सरसासारखा चिकट नसतो. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग क्षणभर विरघळवितो. दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात, द्राव उडून जातो आणि दोन भागांचा एकच भाग बनतो. लोहार लोखंडाला सांधा देतो, तसाच हा प्रकार. त्याचा वास उग्र असल्यामुळे खिडकी उघडी ठेवूनच काम करावे लागते. द्रावाचा एक थेंब अधिक पडला तर बोटाचा ठसा चिलखतावर कायमचा उमटतो, आणि त्याच्यावर कितीही रंग चढविला तरी तो लपत नाही.

रंगाचे काम त्याहूनही संथ. प्रथम एकसारखा अस्तराचा हात. मग मूळ रंग. तो पुरता वाळल्यावर अगदी पातळ केलेला गडद रंग खाचाखोचांत सोडतात, तो रिव्हेटांच्या आणि झाकणांच्या भोवती साचून सावलीसारखा दिसतो. त्यानंतर कुंचला जवळजवळ कोरडा करून फिकट रंग कडांवरून हलकेच फिरवितात. एवढे झाले की सपाट प्लॅस्टिक जड, झिजलेल्या लोखंडासारखे दिसू लागते. घाई करणाऱ्याच्या हातून ओला रंग पुसला जातो आणि दोन दिवसांचे काम वाया जाते.

एकच रणगाडा करून थांबणाऱ्याला या छंदाची खरी गोडी कळत नाही. ती कळते मालिका केल्यावर, कारण सारे एकाच प्रमाणात असल्यामुळे शेजारी शेजारी ठेवले की ते एकमेकांविषयी बोलू लागतात.

मालिकेच्या आरंभी इंग्रजांचा 'मार्क १' असतो. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सॉम नदीच्या रणभूमीवर रणगाडा प्रथम लढाईत उतरला, तो हाच. जणू लोखंडी पत्र्याची तिरपी पेटी, भोवती सबंध पट्टा, आणि तोफा दोन्ही बगलांना. वजन २८ टन, आत आठ माणसे, आणि वेग माणसाच्या चालीपेक्षा फारसा अधिक नाही. गाडी चालविण्यासाठीच चौघे लागत. इंजिन माणसांच्या मधोमध उघडेच धडधडे. धूर आणि उष्णता यांनी सैनिक बेशुद्ध पडत. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून हे यंत्र म्हणजे पाण्याच्या टाक्या आहेत अशी बतावणी करण्यात आली होती. त्यावरून इंग्रजीत त्याला 'टँक' हे नाव कायमचे चिकटले. तो इंग्रजी शब्दसुद्धा आपल्याकडच्या गुजराती 'टांकी' किंवा मराठी 'टाके' या शब्दापासून निघाला असावा, असे काही कोशकार मानतात. गडावरच्या पाण्याच्या टाक्याने लोखंडी राक्षसाला नाव द्यावे, हा योगायोग मोठा नवलाचा खरा!

दुसरा फ्रेंचांचा 'रेनो एफटी', १९१७ सालचा. मार्क १ शेजारी तो हत्तीजवळच्या बकरीसारखा दिसतो. वजन जेमतेम सात टन, माणसे दोन. परंतु या बुटक्या यंत्राने पुढच्या सगळ्यांना वळण घालून दिले. चालक पुढे, इंजिन मागे आणि मध्यभागी चोहीकडे फिरणारा तोफेचा बुरूज, ही मांडणी आजतागायत बहुतेक रणगाड्यांत कायम आहे. मात्र त्या बुरुजात एकटाच माणूस उभा असे. त्यानेच शत्रू शोधायचा, त्यानेच तोफ भरायची, नेम धरायचा आणि चालकाला वाटही दाखवायची.

रशियाच्या 'टी-३४' ने १९४० साली चिलखताचा विचारच बदलला. त्याचा पुढचा पत्रा ४५ मिलिमीटरांचाच. पण तो उभ्या रेषेपासून ६० अंश मागे कललेला. सरळ समोरून येणाऱ्या गोळ्याला त्यातून ९० मिलिमीटर पोलाद भेदावे लागे. हे कागदावर खरे वाटत नाही. मापपट्टी तिरपी धरून तिच्या जाडीतून आडवी रेघ कल्पिली म्हणजे पटते. जर्मनांनाही ते रणांगणावर पटले, म्हणून १९४३ साली आलेल्या पँथरचे पत्रे तसेच तिरपे आहेत. मालिकेत टी-३४ शेजारी पँथर ठेवला की हे नाते बोट न दाखवता ध्यानात येते.

पँथर जोडताना आणखी एक गोष्ट कळते. त्याची मोठमोठी चाके एकमेकांत गुंतविलेली आहेत. आतली चाके आधी बसवावी लागतात. क्रम चुकला तर बाहेरची काढल्यावाचून आतले चाक जागी जात नाही. प्रतिकृतीत ही चूक पाच मिनिटांत सुधारता येते. पण रशियातील हिवाळ्यात, गोठलेल्या चिखलात, आतले एक चाक बदलण्यासाठी बाहेरची अवजड चाके उतरविणाऱ्या कारागिरांची काय अवस्था झाली असेल, ते त्या पाच मिनिटांत जितके समजते तितके पुस्तकाची दहा पाने वाचून समजत नाही.

अमेरिकेचा 'शर्मन' पाहून प्रथम थोडे हसूच येते, इतका तो ताठ आणि उंच. टी-३४ पेक्षा प्रतिकृतीत पाऊण सेंटिमीटरहून थोडा अधिक, म्हणजे खऱ्या रणांगणावर जवळजवळ फूटभर. कारण त्याच्या मागच्या भागात विमानाचे गोल इंजिन उभे केलेले असे, आणि त्याची शक्ती पुढच्या चाकांकडे नेणारा दांडा बुरुजाच्या खालून जाई. उंच रणगाडा दुरून दिसतो, हा दोष उघड आहे. परंतु असे सुमारे ४९ हजार शर्मन अमेरिकेच्या कारखान्यांनी बाहेर काढले! सौंदर्याची किंवा जाडीची उणीव संख्येने भरून काढता येते, हे ओळखणारेही शेवटी मोठे युद्धनीतिज्ञच म्हणायचे.

प्रतिकृती अचूक व्हायची तर मूळ यंत्र प्रत्यक्ष पाहावे लागते. शुनसाकू तामिया स्वतः अमेरिकेतील अ‍ॅबर्डीन येथील लष्करी संग्रहालयात जाऊन रणगाड्यांची छायाचित्रे घेऊन आले. (मोटारीच्या एका संचासाठी तर त्यांनी खरी पोर्शे गाडी विकत घेऊन सुटी केली, ती पुन्हा जोडायला मात्र त्या कंपनीचेच कारागीर बोलवावे लागले.) महाराष्ट्रातील मुलांना एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र असून १९९४ सालापासून तेथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. व्हॅलेंटाईन, युद्धात हस्तगत केलेले पॅटन, भारतात बनलेला विजयंता असे कितीतरी रणगाडे तेथे उघड्यावर उभे आहेत. पट्ट्याच्या एका कडीशेजारी आपला तळहात धरून पाहिला, म्हणजे खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या कडीचा अर्थ कळतो.

मालिकेतील शेवटचे यंत्र इंग्लंडमध्ये घडले, तरी त्याचे नाव भारताच्या इतिहासात कोरलेले आहे. ते म्हणजे 'सेंच्युरियन'. पुणे हॉर्स या रिसाल्याचे सैनिक १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत या रणगाड्यांतून लढले. १९६५ च्या सप्टेंबरात त्या रिसाल्याचे प्रमुख, मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर धारातीर्थी पडले. त्यानंतर सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, बसंतर नदीपलीकडे त्याच रिसाल्यातील सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच्या रणगाड्याला आग लागली. अरुण पुण्यात जन्मला होता; वय अवघे एकवीस. रणगाडा सोडून बाहेर पडण्याची आज्ञा बिनतारी यंत्रावर आली. आपली तोफ अजून चालते आहे, असे सांगून तो जागचा हलला नाही. दुसरा गोळा लागला आणि त्यात तो गेला. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

अरुणच्या रणगाड्याचे नाव होते 'फामागुस्ता'. दुरुस्त केलेला तो रणगाडा अहिल्यानगरच्या केंद्रात जतन करून ठेवला आहे. प्रतिकृतीत त्याच्या तोफेच्या नळीचे तोंड जेमतेम अडीच मिलिमीटरांचे होते. बुरुजावरचे झाकण उघडे ठेवून त्यात पाच सेंटिमीटरांच्या मनुष्याकृतीचा अर्धा भाग बसवितात. कमरेखालचा भाग बुरुजात दिसेनासा होतो. त्या सेंच्युरियनवर 'फामागुस्ता' हे नाव लिहायचे असेल, तर कुंचल्याचे दोन-तीनच केस ठेवून बाकीचे कापून टाकावे लागतात, श्वास रोखून धरावा लागतो, आणि एका वेळी एकच अक्षर लिहून ते वाळेपर्यंत हात बाजूला घ्यावा लागतो.