हिरव्या पानाला कात्री नको

नागपूर, तान्हा पोळा

चि. भाचीबाईस,



पत्र मिळालं, फोटोही पाहिले. 'लिल्यांची पानं आडवी पडलीत, कळकट दिसतात, सणासुदीच्या आधी सगळी छाटून टाकू का मामा?' असं तू विचारलं आहेस. छाटू नकोस. तू राहतेस त्या भद्रावतीत माझी नोकरीची बरीच वर्षं गेली आहेत, तिथलं ऊन आणि तिथलं पाणी दोन्ही मला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक समजून घे. तुझ्या ओट्यावरच्या दोन्ही लिल्या आफ्रिकेतल्याच, पण दोघींचा स्वभाव वेगळा. घरमालकीणबाईंनी दिलेली डावीकडची ती फुटबॉल लिली. नर्सरीत तिला मे फ्लॉवर म्हणतात, शास्त्रीय नाव स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस. नवतप्यात आपण कूलरपुढून उठत नाही, आणि हिचा दांडा नेमका त्याच सुमारास मातीतून वर येतो. लाल गोळ्यात कधीकधी दोनशेपर्यंत बारीक फुलं असतात. कांद्याला वर्षातून फूल एकदाच, तेही आठ-दहा दिवसांचं. तुला वाटतं, फूल संपलं की झाडाचं काम संपलं. उलट खरं काम तेव्हाच सुरू होतं. मृगापासून दिवाळीपर्यंत ही पानं जे अन्न तयार करतील तेच कांद्यात साठतं आणि पुढच्या मे महिन्यातलं फूल त्यातूनच येतं. आज पानं कापलीस तर पुढच्या वर्षी नुसती पानं बघशील. म्हणून हिरव्या पानाला कात्री नाहीच. आडवं पडलं तर पडू दे, फार तर दोन काड्या रोवून सुतळीचा सैल आधार दे. पान पूर्ण पिवळं पडलं की हलकं ओढायचं, सहज हातात आलं तर काढायचं. ओढावं लागलं तर अजून वेळ आहे असं समज.

फुलाच्या दांड्याबद्दलही विचारलं आहेस. सुकलेला गोळा कापून टाकावा, नाहीतर लाल फळं धरतात आणि कांद्याचा जोर बियांत जातो. हिरवा दांडा मात्र राहू द्यावा, तो आपोआप मऊ पडतो. कापण्याआधी कात्री स्पिरिटने पूस आणि दुसऱ्या कुंडीकडे जाताना पुन्हा पूस. लिलीवर्गात विषाणू पात्यावरच्या रसातून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात आणि त्यांवर औषध नाही.

सध्या जपायचं ते अळीपासून. कळलावीवर, म्हणजे आपल्या जंगलात पावसाळ्यात वेलीवर फुलणाऱ्या त्या लाल-पिवळ्या फुलावर, एक काळी, पांढऱ्या-नारिंगी ठिपक्यांची अळी असते. तीच बागेतल्या लिल्यांवरही येते. झुंडीने येते आणि दोन रात्रींत पानं फस्त करते. सकाळी पानांची मागची बाजू बघ, अंडी दिसली की बोटाने पुसून टाक, अळ्या काडीने साबणाच्या पाण्यात पाड. इतक्या कमी कुंड्यांसाठी फवारणीची बाटली आणू नकोस. जाता जाता सांगतो, कळलावीही आफ्रिकेत रानोमाळ वाढते, झिंबाब्वेचं ते राष्ट्रीय फूल आहे. पण तिचा कंद फार विषारी, आणि फुटबॉल लिलीचा कांदाही विषारीच. दिसायला तो खायच्या कांद्यासारखा असतो. शेजारची पोरं आणि सांदवाडीत शिरणाऱ्या शेळ्या, दोघांपासून तो दूर ठेव.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू तोड, मग पूर्ण बंद कर. इथेच बहुतेक लोक चुकतात. झाड मेलं म्हणून कुंडी रिकामी करतात, नाहीतर दया येऊन रोज तांब्याभर पाणी घालत राहतात आणि कांदा सडवतात. तो झोपलेला आहे. कुंडी सावलीत, कोरडी, विसरलेली राहू दे. एप्रिलच्या शेवटी थोडं थोडं पाणी सुरू कर. कांदा दरवर्षी उकरून बघू नकोस, त्याला मुळं हलवलेली खपत नाहीत. मानेपर्यंत मातीत आणि मान उघडी, असा तो तीन-चार वर्षं दाटीत राहिला तरी चालतो.

कुंडीचं म्हणशील तर तू नशीबवान गावात आहेस. कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघामुळे भद्रावतीचं नाव मातीकामाशी जोडलं गेलं. तिथं राहून प्लास्टिकच्या कुंड्या आणल्यास याचं मला नवल वाटलं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा काळ्या प्लास्टिकमध्ये मुळं भाजतात. भाजलेल्या मातीच्या कुंडीला घाम येतो आणि ती थंड राहते. फार ऊन असेल तर लहान कुंडी मोठीत ठेवून मधल्या फटीत ओली रेती भर. शेतातली काळी माती मात्र एकटी वापरू नकोस. पावसात ती चिखल होते आणि उन्हात भेगाळून मुळं तोडते. ती माती, रेती आणि कुजलेलं शेणखत सारख्या मापाने घे, त्यात मूठभर निंबोळी पेंड टाक.

पाण्याचंही सांगून ठेवतो. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेकजण ते कुंडीत ओततात. बोअरचं पाणी आधीच जड, त्यात कूलरमध्ये पाणी उडत जातं आणि क्षार मागे राहतात. कुंडीच्या बाहेर पांढरा थर दिसू लागला तर तो त्या क्षारांचाच. सध्या पाऊस आहे तोवर कुंड्या उघड्यावर राहू दे, माती धुऊन निघेल. कोळशाच्या ट्रकांची धूळ पानांवर बसते ती ओल्या फडक्याने पूस. कळकट दिसण्याचा अर्धा भाग त्या धुळीचाच आहे.

आता उजवीकडची, तू उटीहून हौसेने आणलेली निळी आफ्रिकन लिली, अगापँथस. हिला कांदा नसतो, जाड मांसल मुळं असतात, आणि कुंडी मुळांनी गच्च भरली की ती जास्त फुलते. म्हणून मोठ्या कुंडीत लावायची घाई करू नकोस. फूल गेलं की दांडा बुडापासून कापायचा. पानं तिचीही कापायची नाहीत, फक्त पिवळी काढायची. युरियाचा मोह टाळ, त्याने पानं माजतात आणि फूल येत नाही. हे सगळं नीट केलंस तरी स्पष्ट सांगतो, तिला हिवाळ्यात दीर्घ गारवा लागतो. उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचावर आहे. भद्रावतीतल्या डिसेंबरच्या पंधरा थंड पहाटा तिला पुरणार नाहीत. पूर्वेच्या ओट्यावर सकाळचं ऊन आणि दुपारची सावली दिलीस तर ती हिरवी राहील, पण फुलाची आस धरू नकोस, आणि फुललं नाही म्हणून खतांचा मारा तर मुळीच करू नकोस. पुढच्या वेळी कुणी पहाडातलं रोप विकत देऊ लागलं तर त्या पैशांत फुटबॉल लिलीचे चार कांदे घे.

दिवाळीला नागपूरला येशील तेव्हा पानं कितपत पिवळी झाली ते सांग, म्हणजे पाणी कधी तोडायचं ते ठरवू. तोवर कात्री कपाटात राहू दे.

तुझा,
मामा